छातीवर मोबाईल ठेवून हृदयाची थरथर मोजता येते का? (आबांच्या खाटेवरचा प्रयोग)

बोरीकाठ
मंडळी, मी अमळनेरला अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. आमचे आबा ७४ वर्षांचे. गावाकडेच राहतात, पारोळ्याच्या अलीकडे. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक स्टेंट बसला. गोळ्या वेळेवर घेतात, सकाळी कपाशीत एक चक्कर मारतात. पण महिनाभरापासून एकच सांगतात, "छातीमा एखादा ठोका चुकस रे." दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, साफ आला. आता ती पट्टी दहा सेकंदांची, आणि आबांचा ठोका चुकतो दिवसातून केव्हा तरी. तो नेमका त्या दहा सेकंदांत कसा सापडणार?

मागे वाचलं होतं की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला छातीची भिंत किंचित हलते आणि ते हलणं त्वरणमापकाने टिपता येतं. याला सीस्मोकार्डिओग्राफी म्हणतात. मोबाईलमध्ये तो मापक असतोच. रविवारी आबांना खाटेवर उताणं झोपवलं, छातीच्या मधल्या हाडावर खालच्या बाजूला फोन ठेवला आणि फायफॉक्स नावाचं फुकट अॅप लावलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे, पोरांच्या प्रयोगांना मी नेहमी वापरतो. आबा म्हणे, "हाई काय रे? इस्तरी करस का छातीले?"

आणि खरंच दिसलं हो! दर ठोक्याला आधी एक मोठा झुपका, थोड्या वेळाने दुसरा लहान. मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. मधेच बहिणीचा फोन आला आणि आलेखावर सातपुडा उभा राहिला, तेवढा भाग काढून टाकला.

विचारायचं हे की ही पद्धत कितपत भरवशाची आहे? कुणी काम केलंय का यावर? आणि आबांसाठी हे करत राहण्यात अर्थ आहे का?

शेवभाजी
आबांना नमस्कार सांगा. आमचे नाना तर फोन छातीवर ठेवू द्यायचे नाहीत, "बॅटरी फुटी" म्हणून.

वाघूर
मी मूळचा जळगावचा, पुण्यात सेन्सरच्याच कामात आहे. सर, तुम्ही पाहिलेले दोन झुपके बरोबर आहेत.

हृदयाच्या डाव्या कप्प्याचा एक ठोका डोळ्यांसमोर आणा. कप्पा आवळायला लागतो आणि मायट्रल झडप (वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली) बंद होते. क्षणभर दोन्ही झडपा बंद असतात, आत नुसता दाब चढत असतो. मग महाधमनीची झडप उघडते आणि रक्त जोरात बाहेर पडतं. तो तुमचा पहिला झुपका. त्यातलं सगळ्यात उंच टोक बहुतेक वेळा महाधमनीची झडप उघडण्याच्या क्षणाचं असतं. साधारण ३०० मिलिसेकंदांनी ती झडप बंद होते, मायट्रल परत उघडते आणि कप्पा भरायला लागतो. तो दुसरा झुपका. ही जोडणी अंदाजाने केलेली नाही. १९९४ साली इकोकार्डिओग्राफी (ध्वनिलहरींनी काढलेलं हृदयाचं चित्र, थोडक्यात इको) आणि ही नोंद एकाच वेळी घेऊन कोणतं टोक कोणत्या झडपेचं ते ताडून पाहिलं गेलं.

हे नवंही नाही. सोव्हिएत संघात अंतराळवैद्यकावर काम करणाऱ्या बायेव्स्की यांनी १९६४ मध्येच या पद्धतीवर लिहिलं. पुढे १९९० च्या सुमारास अमेरिकेत सालेर्नो आणि झानेटी यांनी ती दवाखान्यात आणायचा नेटाने प्रयत्न केला. तेव्हाचे मापक जड आणि महाग होते, आणि तोवर इको सगळीकडे पोचला होता. त्यामुळे हा विषय मागे पडला. आता तोच मापक हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान झालाय आणि प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून लोक परत याकडे वळलेत.

थरथर किती असते? गुरुत्वाकर्षणाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, कधी दोन-तीन पट. एवढं मोबाईलला आरामात कळतं.

वायंडिंगवाला
धुळ्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

शेतकरी मोटार आणतो आणि म्हणतो "आवाज येतोय". मी आधी मीटर लावतो. करंट बरोबर, तिन्ही फेज बरोबर. विजेच्या बाजूने मोटार साफ. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. चांगली बेअरिंग सपाट "सूंऽऽ" करते. गोळीला खड्डा पडला असेल तर त्या सूंमध्ये ठराविक वेळाने "टक" येतो. इतका बारीक की दोन हातांवर उभ्या माणसाला ऐकू येत नाही, पण हाडातून येतो. मीटर ते कधीच सांगणार नाही, कारण बिघाड विजेत नाहीच, हालचालीत आहे.

मला वाटतं तुमचा ईसीजी म्हणजे माझा मीटर आणि हा मोबाईल म्हणजे माझा स्क्रू ड्रायव्हर. बरोबर का?

वाघूर
वायंडिंगवाले भाऊ, पुस्तकातसुद्धा इतकं सोपं करून सांगितलेलं मी वाचलं नाही. ईसीजी म्हणजे हृदयाला मिळालेला विजेचा हुकूम. थरथर म्हणजे त्या हुकुमावर झालेलं काम. दोन्ही एकत्र घेतले तर हुकूम मिळाल्यापासून झडप उघडेपर्यंत किती वेळ गेला तेही मोजता येतं. निरोगी माणसात तो साधारण १०० मिलिसेकंद असतो. पंप थकला की तो वेळ लांबतो आणि रक्त बाहेर पडायचा वेळ आखडतो.

साक्रीचा डॉक्टर
मी फिजिशियन आहे. माहिती चांगली चालली आहे, पण काही गोष्टी ठळकपणे सांगणं माझं कर्तव्य आहे.

छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, दम लागलाय, अशा वेळी छातीवर मोबाईल ठेवून आलेख बघत बसू नका. तोच मोबाईल हातात घ्या आणि १०८ लावा. हार्ट अटॅक ओळखायला बारा लीडचा ईसीजी लागतो, रक्ताची तपासणी लागते. थरथरीची नोंद साधी दिसली म्हणून कुणी घरी थांबला तर ती मिनिटं परत मिळत नाहीत. आपल्याकडे रुग्ण आधी ॲसिडिटीची गोळी घेतात, मग शेजाऱ्याला विचारतात, मग गाडी शोधतात. त्यात आणखी एक पायरी नको.

दुसरं, पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलेल्या माणसाच्या छातीवर फोन ठेवायचाच नाही. हल्लीच्या काही फोनमध्ये लोहचुंबक असतात, त्यांनी यंत्राचं काम बिघडू शकतं. फोन यंत्रापासून निदान १५ सेंटीमीटर लांब हवा. आबांना फक्त स्टेंट आहे, त्याला चुंबकाचा त्रास नाही.

सातपुडाताई
डॉक्टरसाहेब, तुमचं बरोबर आहे. पण मी धडगाव भागात नर्स आहे, माझी बाजूही ऐका.

आमच्या उपकेंद्रापासून काही पाडे दीड-दोन तास पायी आहेत. पावसाळ्यात नाला भरला की तेही बंद. ईसीजी मशीन तालुक्याला. तिथवर म्हातारा माणूस झोळीत घालून आणायचा, तर घरचे आधी विचारतात, "ताई, नक्की गरज आहे का?" माझ्याकडे तेव्हा नाडीवरची तीन बोटं आणि स्टेथोस्कोप. नाडी अनियमित लागली तर मी सांगते, पण लिहिलेलं, दाखवता येईल असं काहीच नसतं हातात. मोबाईल तर आशाताईंकडेही आहे. ही नोंद काढून व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना पाठवता आली, तर झोळी बांधायची की नाही हे ठरवायला तेवढाच आधार. बायकांच्या बाबतीत आणखी एक सोय दिसते. ईसीजीला छाती उघडी करावी लागते, कितीतरी जणी त्यासाठीच नको म्हणतात. हे कपड्यावरून होतं का?

वाघूर
ताई, पातळ सुती कपड्यावरून होतं. नऊवारीचा जाड पदर किंवा स्वेटर असेल तर थरथर मधेच विरते. फोन स्वतः रुग्णाने धरू नये, हाताचा कंप त्यात मिसळतो.

आणि डॉक्टरसाहेब, तुमचा इशारा सोळा आणे मान्य. फक्त "निदान नाही" आणि "उपयोग नाही" यात फरक आहे. फिनलंडमधल्या तुर्कूच्या संशोधकांनी २०१८ साली ३०० रुग्णांच्या छातीवर नुसता मोबाईल ठेवून एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचा ताल अनियमित होण्याचा आजार) ओळखलं. त्यात निम्म्यांना तो त्रास होता, निम्म्यांना नव्हता. दोन्ही बाजूंनी शेकडा ९५ च्या आसपास बरोबर उत्तरं आली. त्यांनी त्वरणमापकाबरोबर फोनमधला जायरोस्कोपही वापरला, म्हणजे छाती पुढे-मागे किती हलते तेही आणि किती कलते तेही.

साक्रीचा डॉक्टर
तो अभ्यास मला माहीत आहे. ते रुग्ण दवाखान्यात पलंगावर शांत पडलेले होते. धडगावच्या पाड्यावर धापा टाकत आलेला माणूस वेगळा.

पण ताईंच्या प्रश्नापुरतं मी माझं म्हणणं थोडं बदलतो. एट्रियल फिब्रिलेशन हा असा आजार आहे की पुष्कळांना कळतच नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते फडफडतात, रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. तो आधी सापडला तर रक्त पातळ ठेवणारी गोळी देऊन लकव्याचा धोका पुष्कळ कमी करता येतो. अशा शोधासाठी पहिली चाळणी म्हणून याला माझी हरकत नाही. पक्कं मात्र ईसीजीनेच करायचं.

गिरणाथडी
डॉक्टरांनी मत बदललं हे वाचून बरं वाटलं. आपल्याकडच्या धाग्यांवर असं क्वचित घडतं.

काटाबाबू
कापूस खरेदीवर ग्रेडर होतो, आता घरीच असतो. एक जुनी आठवण. मोठ्या काट्यावर एकटाच शांत उभा राहिलो की काटा हलकेच नाचायचा, टिक-टिक-टिक. वाटायचं वारा असेल. मग एकदा मनगटावर बोट ठेवून बघितलं तर दोन्ही एका तालात! याचा याच्याशी संबंध आहे का?

वाघूर
थेट संबंध आहे. १८७७ साली गॉर्डन नावाच्या इंग्रज माणसाने हेच टिपलं होतं. वजनकाट्यावर उभं राहिल्यावर सुई ठोक्याच्या तालात हलते. रक्त वर फेकलं गेलं की शरीर खाली दाबलं जातं, बंदूक उडाली की खांद्याला बसतो तसा धक्का. १९३९ मध्ये फिलाडेल्फियाच्या आयझॅक स्टार यांनी खास टांगलेला पलंग बनवून त्या धक्क्याचा आलेख काढला आणि पुढे आपल्या रुग्णांवर कित्येक वर्षं नजर ठेवली. त्याला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. ती सगळ्या अंगाची हालचाल मोजते, आणि सरांनी केलं ते फक्त छातीच्या एका जागेचं.

लोकोशेड_निवृत्त
भुसावळला नोकरी झाली. आमच्या वेळी गाडी फलाटावर लागली की माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर एक ठोका मारत जायचा. चांगलं चाक घंटीसारखं बोलायचं, तडा असेल तर मडक्यासारखं. काटाबाबू, तुमचा अनुभव वाचून मीही आत्ता न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहून आलो. अंकवाल्या काट्यावर काही दिसत नाही.

गिरणाथडी
सीस्मो म्हणजे भूकंपाचंच ना? आमची आजी १९३८ च्या सातपुड्यातल्या भूकंपाचं सांगायची, उतरंड हलली आणि सगळे अंगणात पळाले. मराठीत याला काय म्हणायचं? हृदयभूकंपलेखन म्हटलं तर रुग्ण नावानेच घाबरेल.

सातपुडाताई
"थरथरपट्टी" म्हणा. ईसीजीला आमच्याकडे "पट्टी काढली" असंच म्हणतात.

वायंडिंगवाला
थरथरपट्टी! ठरलं.

बोरीकाठ
उशिरा लिहितोय, पण हातात काहीतरी आहे म्हणून लिहितोय.

इथलं वाचून मी मोजण्याची रीत पक्की केली. आबा सकाळी साडेपाचला उठतात. चहाच्या आधी, त्याच खाटेवर, उशी न घेता उताणे. फोन विमान मोडवर, काच वर. प्रत्येक वेळी तीन मिनिटं, आणि त्या वेळात बोलायचं नाही. पहिल्या दोन दिवशी टोकांची उंची कमी-जास्त होत होती, मला वाटलं हाच दोष. मग आबांच्या पोटाकडे बघितलं तेव्हा कळलं की श्वास आत घेतला की एक आकार, सोडला की दुसरा. म्हणून उंची सोडून दिली, नुसतं दोन मोठ्या टोकांमधलं अंतर वहीत लिहायला लागलो.

पाचव्या दिवशी सापडलं. सेकंदांत लिहितो: ०.८६, ०.८५, ०.५२, १.१९, ०.८६. आणि ०.५२ नंतर जे टोक यायला हवं तिथे नेहमीच्या निम्म्यापेक्षाही कमी उंचीचा उंचवटा. त्याच क्षणी आबांनी बोट वर केलं, आमचं ठरलं होतं की ठोका चुकला वाटलं तर बोलायचं नाही, बोट वर करायचं. माझ्या अंगावर काटा आला.

घरी जाऊन परत बघितलं. ०.५२ आणि १.१९ ची बेरीज १.७१. नेहमीच्या दोन ठोक्यांची बेरीजही १.७१. ही जुळणी योगायोगाची वाटेना.

साक्रीचा डॉक्टर
सर, योगायोग नाही. तुम्ही फार सुंदर नोंद घेतली आहे.

खालच्या कप्प्यातून कुठून तरी एक ठोका वेळेआधी सुटतो. वरचा मूळ ताल मात्र आपल्या ठेक्यात चालूच असतो, त्याला या घुसखोराची खबर नसते. त्याचा पुढचा एक हुकूम वाया जातो, कारण स्नायू अजून सावरलेला नसतो. मग त्याच्या पुढच्या हुकुमावर नेहमीचा ठोका येतो. म्हणून दोघांची बेरीज बरोबर दोन ठोक्यांएवढी भरते. आणि तो उंचवटा ठेंगणा का? ठोका लवकर आला, कप्पा भरलाच नव्हता, फेकायला रक्तच कमी. ईसीजीवर तोच ठोका उलट मोठा आणि रुंद दिसला असता. हुकूम मोठा आणि काम थोडं. आबांना जे "चुकस" वाटतं तो त्यानंतरचा लांब विसावा, आणि पुढचा ठोका जास्त भरून येतो म्हणून जोरात लागतो.

असे ठोके धडधाकट माणसांतही येतात. पण आबांना स्टेंट आहे, त्यामुळे दिवसात किती येतात ते मोजायला हवं. २४ तासांचा हॉल्टर (अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावा, इको करा, रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बघा. वही बरोबर न्या.

वायंडिंगवाला
आबांनी बोट वर केलं ते वाचताना मी दुकानात उभा राहिलो.

शेवभाजी
मीही वडिलांची थरथरपट्टी काढायचं म्हणत होतो, त्यांना पेसमेकर आहे. वरचं वाचलं नसतं तर आज रात्रीच ठेवला असता फोन. डॉक्टरसाहेब, खरंच आभार.

गिरणाथडी
विषय सोडून विचारते, सर, पारोळ्याकडे भरताची वांगी यंदा कशी आहेत?

बोरीकाठ
गिरणाथडी, वांगी छान आहेत, बामणोदच्या बियाण्याची लावलीत.

आबांचं सांगतो. धुळ्याला हॉल्टर लावून घेतला. वही तिथल्या डॉक्टरांनी आधी बाजूला ठेवली, पण हॉल्टरचा निकाल आल्यावर मागून घेतली आणि माझ्या सेकंदांवर पेन ठेवून शेजारी पट्टी धरून बघितलं. एट्रियल फिब्रिलेशन नाही. वेळेआधीचेच ठोके आहेत, हृदयाचा पंप इकोमध्ये चांगला आहे. पोटॅशियम थोडं कमी निघालं, रक्तदाबाच्या गोळीमुळे असावं म्हणाले, ती गोळी बदलली. तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मोबाईलने आजार सांगितला नाही. आबा जे महिनाभर सांगत होते आणि आम्ही सगळे "वय झालं" म्हणून सोडून देत होतो, ते कागदावर आणून दिलं. पट्टी साफ आल्यावर मी स्वतः त्यांना म्हणालो होतो, "आबा, मनमा ऱ्हास तुमना." ते वाक्य मला अजून टोचतं.

सातपुडाताई
सर, तुमची रीत एका कागदावर लिहून इथे टाकाल का? सोप्या मराठीत, आशाताईंना वाचता येईल अशी. पेसमेकरची आणि १०८ ची सूचना सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवते, ते हो म्हणाले तरच पुढे.

बोरीकाठ
ताई, आज रात्री लिहितो. साक्रीच्या डॉक्टरसाहेबांनी एकदा नजरेखालून घालावा, मगच टाकतो.

साक्रीचा डॉक्टर
पाठवा. श्वासाचं आणि जाड कपड्याचंही त्यात घ्या.

वायंडिंगवाला
सर, येत्या रविवारी पारोळ्याकडे एक पंप बसवायला येतोय. बेअरिंग तपासायचा कंपनमापक आता माझ्याकडेही आहे, लोहचुंबकाने चिकटणारा. तो छातीला लावायचा नाही, समजलं. पण आबांची परवानगी असेल तर माझ्या छातीवर तुमचा मोबाईल ठेवून बघू.